पहिलं हसू

कात्रीबाईचं आणि तिच्या भावजींचं हाडवैर होतं आणि ते जगजाहीर होतं, कारण ते जगजाहीर करण्यावरच भावजींचं घर चालत आलं होतं. गेली वीसेक वर्षं ते रंगमंचावर 'फजितराव' म्हणून उभे राहायचे. ढगळ कोट घालायचे, स्वतःच्याच पायात पाय अडकवून धाडकन पडायचे आणि उठता उठता सांगायचे, "पडलो त्याचं काही नाही हो. मेहुणीच्या तोंडाला लागण्यापेक्षा जमिनीला लागलेलं बरं." मग ते थांबायचे आणि सभागृह फुटायचं. "आमची मेहुणी इतकी कडक, इतकी कडक, की तिनं चहात टाकलेली साखर परत डब्यात उडी मारते." पुन्हा थांबायचे. पुन्हा फुटायचं.

आता मेहुणी म्हटली की एखादी कल्पनेतली बाई असेल, असं तुम्हाला वाटेल. भावजींना कल्पनेतली बाई परवडत नव्हती. त्यांनी सरळ घरातली उचलली. तिची चपटी पर्स, तिचं पाठ ताठ ठेवून बसणं, तिचं 'असू दे' म्हणणं, सगळं जसंच्या तसं. कात्रीबाई दवाखान्यात रांगेत उभी असली तरी कुणीतरी मान वाकडी करून विचारायचं, "तुम्ही त्या फजितरावांच्या मेहुणी ना?" आणि मग तो माणूस, ती आता आपल्याला चावणार आहे अशा आशेनं, तोंड भरून हसायचा. तिनं डझनभर चित्रपटांचं संकलन केलं होतं. त्याबद्दल रांगेत कधी कुणी विचारलं नाही.

ती एका चित्रपट शाळेत संकलन शिकवायची. कात्रीबाई हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. कात्री हातातून जाऊन जमाना झाला होता, सगळं संगणकावर चालायचं, पण नाव टिकलं. तिला त्याचा राग नव्हता. निदान ते तिच्या कामावरून पडलं होतं.

आणि एक दिवस त्याच शाळेत भावजी येऊन टपकले.

झालं असं की, फजितरावांनी एका वाहिनीवर मुलाखतीत जाहीर केलं, "आता मी कुणालाही हसवणार नाही. मला माणसाचं दुःख मांडायचंय." मुलाखत घेणारी खो खो हसत सुटली. भावजी माईक काढून टेबलावर आपटून निघून गेले, तेव्हा ती आणखीच हसली. शाळेचे प्राचार्य पहिल्या प्रयोगापासून फजितरावांचे भक्त. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोन केला आणि भावजींना दिग्दर्शन शिकवायला बोलावलं. सध्या एका वर्षासाठी, पुढचं पुढे.

शाळा एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात होती. भिंती हातभर जाड, पण वर्ग पाडताना मध्ये नुसतं प्लायवूड ठोकलेलं. त्यामुळे शेजारच्या वर्गातलं सगळं कात्रीबाईला ऐकू यायचं, नको असलं तरी.

"माझ्या वर्गात हसायचं नाही," भावजींनी पहिल्याच दिवशी बजावलं. आणि थांबले.

ज्या पोरांनी हा आवाज आणि त्याच्यानंतरचा हा थांबा पाळण्यात असल्यापासून ऐकला होता, त्यांनी काय करावं? एक मुलगी फिस्सकन हसली. तिला आठवडाभर वर्गाबाहेर बसवलं. तेव्हापासून पोरं रुमाल तोंडात कोंबून दिग्दर्शन शिकू लागली. कुणी फिल्म दाखवली की भावजी तिच्या चिंध्या करायचे. "ही फिल्म नाही, ही ढेकर आहे," ते म्हणायचे आणि थांबायचे. पोरं लालबुंद होऊन जमिनीकडे बघायची. "पॉज घ्यायला शिका. शांत राहायला शिका. पॉजमध्ये दुःख बसतं." हे ते रोज सांगायचे, आणि प्लायवूडच्या अलीकडे कात्रीबाई दातओठ खात आपल्या पोरांना सांगायची, "लक्ष इकडे."

एवढंही तिनं पोटात घातलं असतं. पण विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली आणि शिक्षकांच्या बैठकीत भावजींनी तोंड उघडलं. "संकलनाला वेगळा वर्ष-वर्षभराचा वर्ग कशाला हवा? संकलन म्हणजे काय, तर शिवणकाम. पंधरा दिवसांत कुणीही शिकवील. दिग्दर्शनातच घेऊन टाका." प्राचार्यांनी मान डोलावली. ठरलं असं की, भावजींनी विद्यार्थ्यांना घेऊन तासाभराची एक फिल्म करायची. शाळेचं मंडळ ती बघेल. फिल्म जमली तर भावजी कायमचे विभागप्रमुख, आणि कात्रीबाईचा वर्ग त्यांच्या पोटात. नाही जमली तर वर्ष संपल्यावर नमस्कार.

"आणि संकलन?" कुणीतरी विचारलं.

"आहेत की आपल्या बाई," प्राचार्य हात चोळत म्हणाले. "घरचंच काम."

कात्रीबाईनं तिथल्या तिथे नाही म्हणून सांगितलं. आपल्या गळ्याचा दोर आपणच वळून द्यायचा म्हणजे फारच झालं.

दोन दिवसांनी ताईनं, म्हणजे भावजींच्या बायकोनं, जेवायला बोलावलं.

ताईला नाही म्हणणं कात्रीबाईला जन्मात जमलं नव्हतं. आई लवकर गेली. हिची वेणी घालण्यापासून ते हिच्या शाळेत जाऊन बाईंशी भांडण्यापर्यंत सगळं ताईनं केलं, तेही स्वतः फ्रॉकात असताना. ताई गोरीगोमटी, गुबगुबीत, आणि तिचं हसू म्हणजे ऐकण्यासारखी गोष्ट. आधी उचकी लागल्यासारखा एक आवाज यायचा, मग दूध उतू जावं तसं ते वर येऊन सगळीकडे पसरायचं. शेजारी बसलेला माणूस सुतकात असला तरी त्याला हसू आवरायचं नाही.

भावजींनी लग्नानंतर वर्षभरातच हे हेरलं. सुरुवातीचे दिवस, लोक थंड बसायचे. त्यांनी ताईला तिसऱ्या रांगेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवायला सुरुवात केली. "मी थांबलो की तू हस. पहिलं हसू तुझं, बाकीची आपोआप येतात." आणि येत गेली. ताईनं वीस वर्षं पहिलं हसू हसलं. तेच विनोद, तीच खुर्ची. विनोद तिला ऐकूही येईनासे झाले होते. तो थांबला की ती हसायची, एवढंच उरलं होतं.

जेवताना भावजींनी एक घास घेतला, ताट पुढे सरकवलं आणि म्हणाले, "या घरात मीठ संपलंय का?" आणि थांबले.

ताईला उचकी लागली, आणि ती हसत सुटली.

"हसायला काय झालं?" भावजी ओरडले. ते खरोखरच चिडलेले होते.

ताईनं तोंडावर हात दाबला. "सवय हो," ती म्हणाली. "तुम्ही थांबलात ना." आणि उठून मीठ आणायला गेली.

कात्रीबाई तिच्या मागे स्वयंपाकघरात गेली. "कशी राहतेस गं याच्याबरोबर?"

"छोटे, ऐक," ताई मिठाचा डबा हातात धरून म्हणाली. "त्यांना झोप लागत नाही. रस्त्यात लोक अजून पडून दाखवा म्हणतात. ही फिल्म बुडली ना, तर ते परत तो कोट घालतील, आणि ते त्यांना सोसायचं नाही. माझ्यासाठी कर. तुझ्याइतकं चांगलं कोण करणारे?"

"आणि माझा वर्ग?"

"तुझं काहीतरी होईल गं. तू कडक आहेस." हे ताईनं कौतुकानं म्हटलं. पण ते वाक्य कुठून आलं होतं, ते दोघींनाही माहीत होतं.

कात्रीबाईनं काम घेतलं.

फिल्म बापाच्या मरणाची आहे एवढंच तिला सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी चित्रण बघायला बसली आणि पडद्यावर खाटेवरचा म्हातारा दिसला. त्याच्या सदऱ्याच्या खिशात लाल मुठीचा टेस्टर होता. मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. कात्रीबाई पडद्याच्या जवळ सरकली. तो टेस्टर बाबांचा होता. बाबा वायरमन होते. आयुष्यभर लोकांच्या घरात उजेड करत फिरले, आणि स्वतःच्या घरात दिवसा दिवा जळलेला त्यांना खपायचा नाही. शेवटच्या दुपारी दोघी बहिणी उशाशी बसलेल्या. बाबांनी डोळे उघडले, छताकडे बघितलं, म्हणाले, "तो दिवा कशाला जळतोय उगाच?" ताई उठली, दिवा बंद केला, वळून बघते तर बाबा गेलेले.

हे त्या दोघींचं होतं. कुणाला सांगायचं नाही असं कधी ठरलं नव्हतं, कारण ठरवायची गरजच वाटली नव्हती. आणि आता पडद्यावरचा म्हातारा तेच वाक्य म्हणत होता.

तिनं ताईला फोन लावला. "टेस्टर तू दिलास?"

"त्यांनी मागितला," ताई म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मला बरं वाटलं गं. बाबांचं कुणीतरी काहीतरी करतंय असं वाटलं."

माझी टिंगल विकून झाली, आता माझा बाप काढलाय विकायला, असं कात्रीबाईच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं फोन ठेवला.

फिल्म बुडावी असं तिला मनापासून वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. वाईट काम करून ती सहज बुडवता आली असती. पण वाईट कापायला तिचा हात धजेना. चित्रण बघता बघता तिच्या ध्यानात आलं की, भावजींनी प्रत्येक वाक्यानंतर नटांना थांबवलंय. कुणी 'औषध संपलं' म्हणो की 'दार लाव' म्हणो, वाक्य संपलं की नट तोंडावरची माशी न हलवता गप्प. दीड सेकंद, दोन सेकंद. मग पुढचं वाक्य. नटांना बिचाऱ्यांना वाटलं असेल, हीच कला. कात्रीबाईला मात्र तो थांबा पाठ होता. माणसानं कोट काढला होता, पण हशाला जागा सोडायची सवय अंगातून गेली नव्हती.

तिनं त्या सगळ्या जागा काढल्या. म्हाताऱ्याचं वाक्य, आणि वाक्य संपतं न संपतं तोच बटणाकडे जाणारा मुलीचा हात. खट्. पिवळा उजेड जाऊन खिडकीतला दुपारचा पांढरा उजेड म्हाताऱ्याच्या तोंडावर. बस. तिनं ते लावून बघितलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. शत्रूच्या फिल्मनं आपल्याला रडवावं याची तिला चीड आली, पण रडू खरं होतं.

भावजी बघायला आले. स्टुलावर बसले. दहा मिनिटांत उठून उभे राहिले.

"माझे पॉज कुठे गेले?"

"काढले."

"कुणाला विचारून?"

"भावजी, ऐका. तिथं तुम्ही हशासाठी थांबलायत. नटांनाही तसंच थांबवलंत. तुम्हाला कळलेलंही नाही. हशा नाही आला की ती जागा मोकळी राहते, आणि मोकळ्या जागेत माणसं काहीतरी भरतात. हसूच भरतील. तुमच्या फिल्ममध्ये तर नक्कीच."

भावजींचं तोंड लाल झालं. "मला हशा नकोय!" ते गरजले. आणि थांबले.

कात्रीबाई त्यांच्याकडे बघत राहिली. प्लायवूडपलीकडे कुणीतरी खोकल्याचं सोंग केलं.

"तू मला अजून त्या कोटातच बघतेस," ते म्हणाले. या वेळी आवाज खाली आला होता, आणि खरं सांगायचं तर तो ऐकून दुसऱ्या कुणाला दया आली असती.

"कोट तुमचा होता. टिंगल माझी होती."

"लोकांना आवडायची."

"मला विचारलंत कधी?"

"हे बघा मेहुणबाई," भावजी पुन्हा रंगात आले. "जिथल्या तिथे लावा सगळे. एकूण एक. नाहीतर प्राचार्यांना सांगतो की बाई घरातलं भांडण कामात काढतायत. त्या पॉजमध्ये दुःख बसलंय. तुम्हाला दिसत नसेल, शिवणकामाच्या मशीनला दिसत नाही."

"लावते," कात्रीबाई म्हणाली.

दारातून बाहेर पडताना भावजी वळले. "आणि त्या दिवशी तुझ्या ताईला तिसऱ्या रांगेत बसव. कोपऱ्यातली खुर्ची. ती तिथं असली की मला बरं वाटतं."

दार बंद झालं, आणि कात्रीबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिसरी रांग. कोपऱ्यातली खुर्ची. समोर तोच थांबा.

तिनं सगळे पॉज जिथल्या तिथे लावले. भावजींनी सांगितलं होतं तसेच, केसाचाही फरक न करता. फक्त एका ठिकाणी, म्हाताऱ्याच्या त्या शेवटच्या वाक्यानंतर, तिनं थोडं जास्त दिलं. तेवढं चित्रण होतं. अर्धा सेकंद असेल नसेल. अर्ध्या सेकंदात काय होतं हे त्या इमारतीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

खेळ दुपारी होता. जुन्या बर्फाच्या कोठारात शाळेनं छोटं प्रेक्षागृह केलेलं. मंडळाच्या अध्यक्षबाई, प्राचार्य, शिक्षक आणि वर्षभर तोंडात रुमाल कोंबलेली सगळी पोरं. ताई ठेवणीतले कपडे घालून आली होती. तिनं कात्रीबाईचा हात धरला.

"छोटे, बाबांचं नीट झालंय ना गं?"

आता बोलायची वेळ होती. ताई, मागे बस. ताई, त्या प्रसंगाला बाहेर जा. ताई, पाणी पिऊन ये. कितीतरी सोपी वाक्यं होती.

"बघशीलच," कात्रीबाई म्हणाली.

"मी रडणार आहे, आधीच सांगते. दोन रुमाल आणलेत बघ." आणि ताई तिसऱ्या रांगेत कोपऱ्यात जाऊन बसली. कात्रीबाई मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

सुरुवातीचा अर्धा तास लोक चुळबुळत बसले. दर वाक्यानंतर शांतता पडायची आणि त्या शांततेचं काय करायचं ते कुणालाच कळायचं नाही. कुणी खोकायचं, कुणी पाय हलवायचं. अध्यक्षबाई घड्याळाकडे बघू लागल्या होत्या. मग खाट आली. म्हाताऱ्यानं डोळे उघडले, छताकडे बघितलं.

"तो दिवा कशाला जळतोय उगाच?"

आणि म्हातारा थांबला. निर्विकार तोंडानं, छताकडे बघत, थांबला तो थांबलाच.

तिसऱ्या रांगेत उचकी लागली.

मग दूध उतू गेलं. ते हसू त्या दगडी कोठारात असं घुमलं की कात्रीबाईला स्वतःच्या पाठीमागच्या भिंतीत जाणवलं. पोरांचा बांध फुटला. वर्षभराचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. प्राचार्य हसले, अध्यक्षबाई हसल्या. पडद्यावर मुलीनं दिवा बंद केला, वळली, बाप मेलेला बघितला, "बाबा" म्हणाली आणि थांबली, आणि लोक खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी राहिले. त्यानंतर प्रत्येक वाक्यावर हशा. कुणी डॉक्टर म्हणालं, हशा. कुणी पाणी मागितलं, हशा. ताईनं तोपर्यंत दोन्ही रुमाल तोंडात कोंबले होते आणि ती गुडघ्यात डोकं घालून बसली होती. तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

कात्रीबाई भावजींच्या मानेकडे बघत होती. ते पहिल्या रांगेत होते. पहिल्या हशाला ती मान लाकडासारखी झाली. दुसऱ्याला खाली गेली. एवढ्यासाठीच ती थांबली होती, वीस वर्षं म्हणा ना. पण तिसऱ्या हशानंतर मान हळूहळू वर आली आणि एका बाजूला झुकली, कान प्रेक्षकांकडे करून. रंगमंचावर हशा मोजताना झुकायची तशी. आणि पुढचे सगळे हशे ते मोजत बसले.

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. भावजी मंचाच्या पायरीकडे निघाले, त्यांचा पाय अडकला आणि ते धाडकन पडले. उठले, अंगात नसलेला कोट झटकला, थांबले. कोठार कोसळायचं तेवढं राहिलं. कात्रीबाईनं आयुष्यभर माणसांच्या हालचाली पुढे-मागे करून बघितल्या होत्या. तो पाय अडकला नव्हता. त्यांनी तो नेऊन अडकवला होता.

"मरणाला हसता आलं पाहिजे," भावजी माईकवर म्हणाले. "म्हणूनच मी या जागा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या." टाळ्या. अध्यक्षबाई डोळे पुसत म्हणाल्या, "किती वर्षांनी इतकी हसले हो!" आणि विभागप्रमुखाचं तिथंच जाहीर करून टाकलं.

बाहेर पाण्याच्या पिंपाजवळ भावजींनी तिला गाठलं. "बघितलंस मेहुणबाई? हेच कापायला निघाली होतीस. पुढच्या महिन्यापासून माझ्या विभागात ये, पंधरा दिवसांचं काय ते शिकव." ते ग्लास तोंडाला लावायला गेले आणि पाणी शर्टावर सांडलं. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "पहिली कोण हसली?"

"आवाज ओळखला नाहीत?"

भावजींनी ग्लास पिंपावर ठेवला. कुणीतरी हाक मारली, तसं तोंडावर हसू चढवून तिकडे गेले.

कात्रीबाई वर आपल्या खोलीत गेली. ताई तिथं बसली होती. स्टुलावर, बंद पडद्यासमोर. टेबलावर चित्रणानंतर परत आलेला टेस्टर पडला होता, तो तिनं हातात घेतला होता आणि त्याची चिकटपट्टी अंगठ्यानं सारखी करत होती. डोळे सुजले होते.

"बाबांवर हसले मी," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी."

"ताई, तुझा काय दोष? सवय ती."

"ते तर आहेच. पण मी धरून बसले होते गं. त्यांचा पॉज मला माहीत आहे. खालचा ओठ दाताखाली घेतला होता, आता जाईल, आता जाईल म्हणत होते. गेला नाही. संपलाच नाही." ताईनं मान वर केली. "इतका मोठा पॉज ते कधीच घेत नाहीत. वीस वर्षांत कधी घेतला नाही. तो तू वाढवलास?"

कात्रीबाईकडे उत्तरं होती. भावजींनीच लावायला सांगितलं. मी तर काढले होते, त्यांना सांगितलंही होतं की लोक हसतील. सगळं खरं होतं. तिनं बोलायला तोंड उघडलं आणि काही निघालंच नाही. ताई तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली. थांब्यात काय असतं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मग ताईनं टेस्टर पर्समध्ये टाकला आणि उठली. "त्यांनी बाबांना वापरलं, ते मी दिले म्हणून," ती म्हणाली. "तू मला वापरलंस." दार तिनं हळू लावून घेतलं. ताईला दार आपटायची सवय नव्हती.

कात्रीबाई खिडकीशी गेली. खाली आवारात लोक भावजींना घेरून उभे होते. ताई जिन्यातून बाहेर आली तशी भावजींनी तिच्याकडे हात केला, सगळ्यांना ऐकू जाईल असं काहीतरी म्हणाले आणि थांबले. लोकांनी ताईकडे बघितलं. ताई त्यांच्याजवळून निघाली, तशीच चालत फाटकाकडे गेली आणि बाहेर पडली. भावजी मान तिरकी करून, कान तिकडे लावून उभेच होते. लोक अवघडून एकमेकांकडे बघू लागले. हसायचं की नाही ते कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. वर खिडकीत उभ्या असलेल्या कात्रीबाईला तो थांबा आता कुठूनच कापता येत नव्हता.